सातपुते गुरुजींचा पत्ता

पुस्तक मागून उघडायची भीमसेनची जुनी खोड. मुद्रितशोधक म्हणून नोकरीला लागला तेव्हाची. चुका शेवटच्या पानांत जास्त असतात, कारण तिथवर येईतो सगळेच दमलेले असतात. आइंडहोवनला गाडी बदलून जागा मिळाल्यावर त्याच्या जावयाने, केतनने, बॅगेतून तेजलचा प्रबंध काढून त्याच्या हातात ठेवला. "घ्या पप्पा, तुमची कॉपी. आज व्हायव्हाच्या दिवशीच द्यायची, अशी सक्त ऑर्डर होती." भीमसेनने मुखपृष्ठ पाहिलं. काठावरून घोडा ओढतोय अशी एक लांबट नाव, आणि नावेत दाटीवाटीने बसून तावातावाने बोलणारी माणसं. मग त्याने सरळ शेवटची नाव-विषयांची सूची उघडली आणि यादीवरून बोट खाली नेऊ लागला. सूचीत चूक सापडली तर आज सांगायचं नाही, असंही त्याने ठरवून टाकलं. बोट एका ओळीशी थांबलं. वरच्या ओळीत उपरोधाची पानं, खालच्या ओळीत नावेतल्या गप्पांची, आणि मध्ये, जणू हक्काच्या जागी बसल्यासारखं: सातपुते, वि. ना., निवृत्त शिक्षक, दोनशे सत्त्याऐंशी ते तीनशे बारा.

गाडी सुरू झाली होती. खिडकीबाहेर ओली, सपाट शेतं, एका रांगेत उभे पोपलर, कुठे तरी एक घोडा अंगावर झूल घेऊन उभा. भीमसेनच्या कानात थंडी भरल्यासारखं झालं. समोरच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी येऊन बसलंय, कोटाची बटणं लावून, मांडीवर हात ठेवून, असं त्याला वाटलं आणि त्याने मान वर करायचं टाळलं. सव्वीस पानं. वि. ना. सातपुतेंना सव्वीस पानं मिळाली होती. त्यांनी आयुष्यात दोनच पत्रं लिहिली होती, आणि तीही त्यांनी लिहिली नव्हती. ती भीमसेनने लिहिली होती. सातपुते नावाचं कुणी नव्हतंच.

त्याने पान दोनशे सत्त्याऐंशी काढलं. शेवटचं प्रकरण. "ते सरप्राइज आहे पप्पा, ते वाचायला नाही देणार," असं तेजल दोन वर्षं म्हणत होती. बाकीची चार प्रकरणं त्याने बेस्ट नावाच्या गावातल्या तिच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पेन्सिल घेऊन वाचली होती. अठराव्या शतकातली डच साप्ताहिकं हा तिचा विषय. लायडनला छापलेली फ्रेंच वृत्तपत्रं कशी सगळ्या युरोपात गुपचूप वाचली जात. कॉफीच्या दुकानात एकाच अंकावर चार डोकी कशी वाकत. नावेतून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना दोन-तीन तास रिकामे मिळत, तेव्हा पाद्री, दर्यावर्दी, विधवा, वाणी, सगळे राजकारण कसे बोलत, आणि त्या गप्पांच्याच घाटात पत्रकं कशी छापत. भीमसेनला ते वाचताना तरुणपणी वाटायचं तसं वाटलं होतं. छापलेल्या कागदाने माणसं शहाणी होतात. दोघं भांडत असले तरी मध्ये कागद असला की हात उगारला जात नाही. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, लेकीच्या घरी, हीटरजवळ बसून असलं काही वाटून घेणं बरं नव्हे, हेही त्याला कळत होतं. पण बायको, प्रमिला, गेल्यापासून त्याला वाटायला दुसरं फारसं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या प्रकरणात तेजलने दाखवलं होतं की त्या साप्ताहिकांतली वाचकांची पत्रं पुष्कळदा वाचकांची नसत. संपादकच रात्री बसून एखाद्या चिडलेल्या म्हाताऱ्याच्या, एखाद्या सासुरवाशिणीच्या नावाने पत्र लिही आणि पुढच्या अंकात स्वतःच त्याला उत्तर देई. ते वाचून झाल्यावर भीमसेन हसला होता, गरजेपेक्षा जास्त वेळ. तेजल भांडी मशीनमध्ये लावत होती. "किती क्यूट ना पप्पा? तुमच्याकडे व्हायचं का असं?" तीच वेळ होती. उकळी आलेल्या दुधासारखी समोर आलेली वेळ, नुसता गॅस बंद करायचा होता. तो म्हणाला, "आमच्याकडे पत्रं इतकी यायची की पिशवी उचलवायची नाही." तेजल म्हणाली, "वाटलंच." मग त्याने पेन्सिलीने एका स्वल्पविरामाला गोल केला.

दैनिक 'मुलूख'मध्ये पिशवी कधीच इतकी जड नसायची. जिल्ह्याच्या गावचा पेपर, सहा पानांचा. पाचव्या पानावर वाचकांच्या पत्रांचं सदर, 'चावडी'. ते भीमसेनकडे होतं. कापडी पिशवीतून आठवड्याला दहा-बारा पत्रं यायची. त्यातली निम्मी गटारांची, दोन-तीन कवितांची. पत्र जुळून झालं की मूळ कागद टेबलावरच्या उभ्या खिळ्याला टोचून ठेवायचा; महिना झाला की खिळ्यावरचा गठ्ठा रद्दीत. साल चौऱ्याऐंशी. तेव्हा नगर वाचनालयाचा वाद सुरू झाला. वाचनालयाचा सभासद व्हायचं तर दोन जुन्या सभासदांची जामिनाची सही लागायची. नियम सगळ्यांना सारखा. फक्त भीमनगरातल्या एकालाही त्या सह्या साठ वर्षांत मिळाल्या नव्हत्या. वस्तीतल्या पोरापोरींनी अर्ज केला की हा जामीन काढून टाका. 'चावडी'त त्या बाजूची सात पत्रं आली. विरोधात एकही नाही. ज्यांचा विरोध होता त्यांना लिहायची गरज नव्हती, त्यांच्याकडे वाचनालयाची कमिटी होती.

वृत्तसंपादक मुळ्ये चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "खंडारे, एका हाताने टाळी वाजवताय होय? हा वाद झाला का? ही तर आरती झाली."

"साहेब, दुसऱ्या बाजूचं पत्रच आलेलं नाही."

"नाही आलं तर येईल. तुम्ही मनावर घेतलंत तर संध्याकाळपर्यंत येईल." आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेने, "तुम्ही त्या वस्तीतले. सगळं एकतर्फी छापलंत तर उद्या लोक पेपरला नाही, तुम्हाला बोलतील. पुढच्या महिन्यात तुमचं कायम व्हायचं आहे ना?"

हे कारण भीमसेनने चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. नोकरी कायम व्हायची होती, आई आजारी होती, तो घाबरला होता. सगळं खरं होतं. पण गाडी वेअर्टच्या स्टेशनात थांबली, दारं उघडून गार हवा आत आली आणि त्या हवेत हे कारण त्याला जुन्या कोटासारखं वाटलं, अंगावर आहे पण ऊब नाही. खरी गोष्ट अशी होती की त्या संध्याकाळी, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून झाल्यावर, त्याने कोरा कागद पुढे ओढला आणि त्याला मजा आली. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता, सातपुते गुरुजी उभे राहिले. ज्यांनी कधी कुणाच्या सहीसाठी कुणाच्या ओट्यावर ताटकळत उभं राहायचं नसतं, अशा माणसाचा संथ आवाज त्याच्या हातातून वाहू लागला. शाळेतल्या सगळ्या गुरुजींचा आवाज होता तो, त्याला शाबासकी देऊन मागच्या बाकावर बसवणाऱ्यांचा. 'वाचनालयाची दारे कोणासही बंद असू नयेत, याविषयी दुमत नाही. परंतु दार उघडणे निराळे आणि दारच काढून ठेवणे निराळे. प्रथम त्या बांधवांच्या वस्तीतच एक छोटेखानी वाचनकक्ष सुरू करावा. वाचनाची गोडी लागली की पुढचे आपोआप होईल.' नाव, वि. ना. सातपुते, निवृत्त शिक्षक. पत्ता दिल्याशिवाय पत्र न छापण्याचा 'मुलूख'चा नियम होता. भीमसेनने नियम पाळला. जुनी पेठ, देवळामागे.

त्यानंतर त्याने पस्तीस वर्षं मजकूर लिहिला. त्या पत्रासारखं एकही वाक्य त्याला पुन्हा साधलं नाही.

आता ते वाक्य त्याच्यासमोर इंग्रजीत होतं. तेजलने भाषांतर छान केलं होतं. दाराचं वाक्य इंग्रजीतही उठून दिसत होतं. खाली तिने लिहिलं होतं की सातपुते हे विरोधक असूनही सभ्य आहेत, युक्तिवाद करतात, समोरच्या तरुणीला 'भगिनी' म्हणतात. अठराव्या शतकातल्या वाचनमंडळांतही नवा सभासद घ्यायचा की नाही यावर असाच सौम्य, असाच बंद दरवाजाआडचा वाद चाले. आणि वस्तीतली बावीस वर्षांची मुलगी व पेठेतले म्हातारे शिक्षक यांच्यातली ही चार आठवड्यांची झुंज म्हणजे सार्वजनिक चर्चेचा सर्वांत छोटा आणि सर्वांत शुद्ध नमुना होय. ती बावीस वर्षांची मुलगी म्हणजे प्रमिला. तेजलची मम्मी. प्रमिलाने स्वतःच्या चार आणि सातपुतेंच्या दोन पत्रांची कात्रणं साडीच्या खोक्यात जपून ठेवली होती, ती तेजलच्या हाती लागली असणार.

"केतन," भीमसेन हळूच म्हणाला, "हे छापून झाल्यावर काही चूक सापडली, तर काय करतात?"

केतन मोबाइलवरून डोकं वर काढून म्हणाला, "आता काय करणार पप्पा? तीनशे कॉप्या वाटून झाल्या. फारच मोठी असली तर एक चिठ्ठी लावतात म्हणे आत. का, स्पेलिंग सापडलं वाटतं?" आणि तो हसला. "तिला आत्ता नका सांगू हं. सकाळपासून दोनदा रडून झालंय तिचं."

पलीकडच्या बाईने वाचता वाचता नुसतं बोट वर करून खिडकीकडे दाखवलं. काचेवर शांततेची खूण होती, या डब्यात बोलायचं नसतं. केतनने हात जोडल्यासारखं करून माफी मागितली. भीमसेनला त्या बाईचे आभार मानावेसे वाटले.

त्याने प्रबंधातला सुटा कागद काढला. इकडे प्रबंधाबरोबर एक कागद देतात, अकरा विधानांचा. शेवटचं विधान थोडं गमतीचं असावं असा रिवाज, हे तेजलने त्याला सांगितलं होतं. अकरावं विधान होतं: 'ज्याच्या नावाने घरात टोमणे मारले जातात, तो माणूस होऊन गेलेला असतोच.' भीमसेनने ते दोनदा वाचलं. ही त्यांच्या घरातली गोष्ट होती. प्रमिलाने संसारात सातपुतेंना पाट मांडून बसवलं होतं. भीमसेन सहलीला नको, आधी परीक्षा होऊ दे, म्हणाला की ती म्हणायची, "झालं, सातपुते बोलायला लागले." दुधवाल्याने, बँकेने, शाळेच्या हेडमास्तरांनी गोड बोलून काही नाकारलं की तो सातपुते. तेजल लहानपणी रुसली की म्हणायची, "पप्पा, सातपुते होऊ नका." तो प्रत्येक वेळी हसायचा. एका घरात तेहतीस वर्षं रोज आपलं खरं नाव घेतलं जातंय आणि फक्त आपल्यालाच ते ऐकू येतंय, अशा हसण्याला काय म्हणतात, ते त्याला कधी कळलं नाही.

कागदाच्या मागे त्याने पेनने लिहिलं: शुद्धिपत्र. त्याखाली: पान २८७ ते ३१२. 'वि. ना. सातपुते' अशा नावाचा कोणीही इसम नव्हता. दोन्ही पत्रे 'चावडी'चा उपसंपादक भी. ग. खंडारे याने लिहिली. वाक्य बरं झालं होतं. मग त्याने अजून एक ओळ लिहायला घेतली आणि पेन थांबलं. रूरमोंड गेलं. नदी दिसली, करडी, काठोकाठ.

ती ओळ प्रमिलाच्या चौथ्या पत्राची होती. पहिल्या पत्रात तिने लिहिलं होतं, 'गुरुजी, गोडी लागायला पदार्थ आधी ताटात पडावा लागतो.' दुसऱ्यात, 'आम्ही कक्ष मागितला नाही, पुस्तक मागितलं.' मुळ्ये खूश होते, पेठेतल्या पानाच्या दुकानांवर अंकावरून बोलणं होत होतं. "सातपुत्यांना पुन्हा बोलतं करा," ते म्हणाले, आणि सातपुते दुसऱ्यांदा बोलले, आणखी गोड. त्यावर तिचं तिसरं पत्र आलं, आणि आठवड्याने चौथं. चौथ्याच्या शेवटी दोन ओळी होत्या, निळ्या शाईत, घट्ट दाबून लिहिलेल्या: 'गुरुजी, मी तुमच्या पत्त्यावर जाऊन आले. देवळामागे घर नाही, एक बुजवलेला आड आहे. आपण कोण आहात?' भीमसेनने त्या ओळी लाल पेन्सिलीने काढल्या. मूळ कागद खिळ्याला टोचला गेला आणि महिन्याने रद्दीत. पुढच्या आठवड्यात कमिटीने ठराव केला. त्यात 'एका ज्येष्ठ शिक्षकाने वृत्तपत्रातून केलेली विधायक सूचना' असे शब्द होते. जामिनाचा नियम राहिला. भीमनगरात एक खोली मिळाली, तीत पत्र्याचं कपाट आणि चाळीस पुस्तकं. किल्ली नगरसेवकाकडे. दोन वर्षांनी त्या कपाटात निवडणुकीचे झेंडे होते.

ठराव छापून आला त्या दिवशी ती कचेरीत आली होती, हातात घडी केलेला अंक. "माझ्या दोन ओळी कुठे गेल्या?" भीमसेन उभा राहिला. म्हणाला, "जागा नव्हती." तिने त्याच्याकडे, मग टेबलावरच्या खिळ्याकडे पाहिलं. "जागा नव्हतीच म्हणा," ती म्हणाली. मग तिला कळलं की हाही भीमनगरचा, पिंपळाजवळच्या आळीतला. तिचा चेहरा एकदम निवळला. तिला वाटलं, याने भांडून आपली चार पत्रं छापून आणली; दोन ओळी वरच्यांनी काढल्या असणार, हा बिचारा काय करणार. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. त्या दोन ओळींबद्दल तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं का? हा प्रश्न भीमसेनने इतक्या वेळा स्वतःला विचारला होता की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या. शेवटच्या आजारात एकदा तो तिला म्हणाला, "डॉक्टर सांगतात तसं हळूहळू होईल बरं." ती डोळे मिटूनच म्हणाली, "हो गुरुजी." थट्टा होती. थट्टाच असणार. त्याने तिचा हात धरला होता आणि सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात नर्स आली. नर्स गेल्यावर पुन्हा उघडता आलं असतं.

मास्ट्रिख्टला उतरून ते पुलावरून चालत गेले. गार वारा. सायकली टेकून ठेवलेल्या, दगडी रस्ता, कॉफीच्या दुकानात खिडकीशी बसलेली माणसं आपापल्या मोबाइलवर वाकलेली. सभागृह चढावर होतं, पूर्वीच्या मठात. बाहेरच्या दगडी कॉरिडॉरमध्ये तेजल उभी होती. तिने प्रमिलाची पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती, वर काळा कोट. तिच्या दोन्ही बाजूंना दोघी मैत्रिणी, मृणालिनी आणि एक उंच डच मुलगी. इकडे उमेदवाराच्या सोबतीला असे दोघं उभे राहतात, पूर्वी वाद हातघाईवर आला तर आडवं पडायला म्हणून, असं म्हणतात.

"जय भीम पप्पा. दिलं ना केतनने? शेवटचं चॅप्टर पाहिलंत?" तिचे डोळे लाल होते आणि हसत होते. "काही बोलू नका, मी रडेन. मस्कारा जाईल."

"तेजू," तो म्हणाला. खिशातल्या कागदावर त्याची मूठ होती. "त्या प्रकरणाबद्दल एक सांगायचं होतं. म्हणजे तसं घाईचं नाही. पण विचार केला तर, एका दृष्टीने, आधी सांगितलेलं बरं. अर्थात तुला आत्ता त्रास होणार असेल, तर नंतरही..."

तेजलने त्याच्या मफलरचं टोक सरळ केलं. "पप्पा, सातपुते होऊ नका आता. सरळ बोला ना."

मृणालिनीही हसत होती, तिलाही ते नाव माहीत होतं. तेवढ्यात काळा झगा घातलेला विद्यापीठाचा दंडधारी कॉरिडॉरच्या टोकाला आला आणि त्याने काहीतरी खूण केली. "बेस्ट ऑफ लक," भीमसेन इंग्रजीत म्हणाला. ते इतक्या नीट, गोड आवाजात आलं की त्याला स्वतःचाच राग आला.

काठी जमिनीवर आपटली, सगळे उभे राहिले, झगे घातलेले प्राध्यापक रांगेने आत आले. भीमसेन दुसऱ्या रांगेत, केतनशेजारी. पंचेचाळीस मिनिटं प्रश्न. तेजल चांगली बोलत होती, हात कमी हलवत होती, प्रमिला वर्गात शिकवायला उभी राहायची तशी एका पायावर भार देऊन. भीमसेन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. एक गोष्ट त्याला स्पष्ट दिसत होती आणि ती दिसत असताना तो शांत होता: इथे प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. शतकानुशतकांचा नियम. त्याने बोलायचं म्हटलं तरी इथे बोलता येणार नव्हतं. हा नियम त्याला शालीसारखा अंगाभोवती लपेटून घ्यावासा वाटला.

शेवटचा प्रश्न एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचा. पांढरी दाढी, मऊ आवाज. "तुमचं अकरावं विधान मला फार आवडलं," तो म्हणाला. "पण दुसऱ्या प्रकरणात तुम्हीच दाखवता की आमच्या या थोर साप्ताहिकांतले निम्मे पत्रलेखक कल्पित होते. मग हे शिक्षक, सात-पु-ते... मी एकच साधा प्रश्न विचारतो. हे गृहस्थ कोण होते?"

आपण कोण आहात. निळी शाई, घट्ट दाबून. चाळीस वर्षांनी, सात हजार किलोमीटरांवर, लॅटिन म्हणी कोरलेल्या छताखाली तिच्या दोन ओळी छापल्या गेल्या होत्या. आता. आता मुलगी अडखळेल, म्हणेल की मला माहीत नाही, आणि तेवढं पुरे होईल. तेवढ्याने खोटं निदान खोटं म्हणून उघडं तरी राहील.

तेजल अडखळली नाही. "हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे," ती म्हणाली. "त्यांचं दुसरं काही लेखन सापडत नाही. पण माझ्याकडे दोन पुरावे आहेत. एक, माझ्या आईने त्यांना चार वेळा उत्तर दिलं. माझी आई हवेशी बोलणारी बाई नव्हती." सभागृहात हलकं हसू पसरलं. "आणि दुसरा पुरावा आज इथे बसला आहे. ते सदर माझे वडील सांभाळत. ती पत्रं त्यांच्या हातून गेली आहेत. ज्या माणसाने माझ्या आईचा प्रत्येक शब्द छापला, त्याच्यावर मी इतिहासकार म्हणून विश्वास ठेवते. मुलगी म्हणून तर ठेवतेच."

म्हाताऱ्या प्राध्यापकाने मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. त्याने भुवया किंचित उंचावून, आदराने, भीमसेनकडे पाहिलं. ते पाहणं म्हणजे प्रश्न होता. न बोलण्याचा नियम अशा नजरेच्या प्रश्नाला लागू नव्हता. पलीकडे तेजल उभी होती, पांढऱ्या साडीत, हनुवटी वर. केतनने त्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. खिशातला कागद तळहाताच्या घामाने मऊ झाला होता.

भीमसेनने मान हलवली. होकारार्थी, सावकाश, एकदाच. जसं निवृत्त शिक्षक हलवतात.

दार उघडलं. दंडधारी आत आला, घुंगरांची काठी जमिनीवर आपटून लॅटिनमध्ये म्हणाला, वेळ झाली. प्राध्यापक काही म्हणत होता तो अर्ध्यावर थांबला, कारण या शब्दांनंतर कुणीही, अगदी अर्धं वाक्य तोंडात असलं तरी, बोलायचं नसतं. सगळे उभे राहिले. झगे रांगेने निर्णयासाठी आत गेले.

मग गलका, मिठ्या, केतनचे फोटो. तेजल गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आली आणि शेजारच्या खुर्चीत धपकन बसली, पायातले उंच बूट काढून. "हुश्श. पप्पा, तुम्ही काय मान हलवलीत! अगदी वेळेवर. ते म्हातारबुवा खलास." तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना प्रमिलाच्या तेलाचा वास नव्हता, कुठल्यातरी फुलाचा होता. "एक सांगा. तुम्ही त्यांना कधी पाहिलंत? सातपुतेंना?"

आत दार बंद होतं. निर्णय लागायला पाच-दहा मिनिटं लागतात. पाच-दहा मिनिटं पुष्कळ असतात.

"एकदा," भीमसेन म्हणाला. "कचेरीत आले होते. पत्र द्यायला."

"खरंच? कसे होते?"

"बारीक. धोतर. हातात छत्री, पाऊस नसताना." शब्द येत होते. एकही खाडाखोड करावी लागत नव्हती. "अक्षर सुबक, थोडं उजवीकडे झुकलेलं."

"अय्या, हे मला आधी का नाही सांगितलंत!" ती ताठ बसली. "पुढच्या वर्षी पुस्तक करायचं म्हणतायत. मी डिसेंबरमध्ये जाणार आहे तिकडे. जुन्या पेठेत जाऊन घर तरी बघते. कुणी नातेवाईक असतील. तो देवळामागचा पत्ता खरा आहे ना?"

तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याला देवळामागची मोकळी जागा दिसत होती, बुजवलेल्या आडावरची भुसभुशीत माती, तिच्यावर उगवलेलं घाणेरीचं झुडूप, आणि त्याच्यापाशी उभी एक बावीस वर्षांची मुलगी, हातात अंकाची घडी.

"खरा होता," भीमसेन म्हणाला. "दोन पायऱ्या होत्या. दारात तगर. पण ते घर आता नाही. रस्ता रुंद केला त्यात गेलं."

"शी," तेजल म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं. बुटात पाय सारता सारता ती म्हणाली, "मम्मी तरी का नाही गेली हो तेव्हा? गावातलं गाव. पत्ता छापलेला होता. गेली असती तर भेट झाली असती दोघांची."

आत काठी आपटली. लोक उठू लागले. तेजल घाईने साडीच्या निऱ्या नीट करत उभी राहिली आणि उत्तरासाठी वळून त्याच्याकडे पाहत थांबली.

"झाली असती," भीमसेन म्हणाला.